दुबई तीन तास, मुंबई एक रात्र

आमच्या घरात दुबई तीन तासांवर होती आणि मुंबई एका रात्रीवर. 1980च्या दशकात औरंगाबादेतल्या ज्या ज्या घरातला मुलगा आखातात गेला, त्या घरातल्या लहानथोरांना हा हिशेब तोंडपाठ होता. आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, मनमाडची छोटी लाइन गेली, समृद्धी महामार्ग आला. पण त्या काळात आखाताकडे डोळे लावून बसलेली जी माणसं आज आहेत, त्यांना विचारून बघा. विमानाच्या तीन तासांबद्दल ती फारसं बोलणार नाहीत. त्याआधीच्या रात्रीबद्दल मात्र तासभर सांगतील.

मुंबई ते दुबई हवाई अंतर 1,900 किलोमीटरच्या थोडं वर. औरंगाबाद ते मुंबई सरळ रेषेत मोजलं तर जेमतेम पावणेतीनशे किलोमीटर, विमानानं पाऊण तासाचं काम. पण आमच्यासारख्या घरांना सरळ रेषेत जायची सोय नव्हती. आमचं मुंबईचं अंतर मनमाडवरून जायचं आणि रुळांच्या हिशेबानं 375 किलोमीटर भरायचं. त्यातले मनमाडपर्यंतचे 113 किलोमीटर निजामाच्या काळातल्या मीटर गेजवर. 1900 साली सुरू झालेली ही लाइन आमच्या लहानपणीही तशीच होती. अरुंद डबे, लाकडी बाकं, खिडकीतून डोळ्यांत जाणारे कोळशाचे कण. मनमाडला ती गाडी सोडायची आणि सगळं सामान घेऊन मोठ्या लाइनच्या फलाटावर जायचं. औरंगाबादच्या माणसाला जगात कुठंही जायचं असलं तरी आधी मनमाडला उतरावं लागे.

दादा 1984च्या हिवाळ्यात गेला. शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केलेला, चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागलेला. दुबईहून एनओसीचा कागद आला तेव्हा आईला आनंद आणि धसका एकाच वेळी झाला. अण्णा पाटबंधारे खात्यात होते. जायकवाडीच्या कालव्यांचे नकाशे बघण्यात त्यांची नोकरी गेलेली, त्यामुळे दादा कुठं चाललाय हे आधी नकाशावर नीट बघून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. माझ्या शाळेचा ॲटलास उघडून त्यांनी मुंबईवर आणि दुबईवर पट्टी ठेवली, प्रमाण वाचलं, कागदावर गुणाकार केला आणि आजीला म्हणाले, "आई, हे बघ. आपल्यापासून कलकत्ता लांब आहे. दुबई काही त्याच्याहून फार दूर नाही." आजी म्हणाली, "मधी समिंदर हाय का न्हाई, तेवढं सांग." अण्णा गप्प बसले.

निघायच्या आधी घरात दोन तऱ्हेचं खाणं झालं. मुंबईपर्यंतच्या रस्त्यासाठी दुधातल्या दशम्या, धपाटे आणि लोणचं. दुबईसाठी शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी आणि पोह्यांचा चिवडा, सगळं पत्र्याच्या डब्यांत, झाकणांना मेण लावून. किती दिवसांचा प्रवास आणि किती महिन्यांचा मुक्काम हे आई त्या डब्यांवरूनच ठरवत होती. तेव्हा आम्ही औरंगपुऱ्यातल्या वाड्यात राहत होतो. शेजारच्या खालाजाननी दादाच्या दंडाला इमाम जामिन बांधला, हिरव्या कापडात गुंडाळलेलं नाणं. आजीनं हातावर दही ठेवलं. दादानं दोघींच्याही पाया पडून घेतलं.

सोडायला अण्णा, मामा आणि मी. पासपोर्ट आणि तिकीट कापडी पिशवीत घालून दादाच्या बनियनला आतून शिवलेलं होतं. मनमाडला उतरलो तेव्हा थंडी मी म्हणत होती. एक पत्र्याची ट्रंक, एक होल्डॉल, एक रेक्झिनची बॅग आणि डब्यांची पिशवी. मामा ट्रंक हमालाला देईनात. हमाल ती डोक्यावरून पाडील आणि चटणीचे डबे उघडतील अशी त्यांची खात्री होती. त्यांनी आणि दादानं दोन्ही बाजूंनी कड्या धरल्या आणि पुलाच्या पायऱ्या चढायला लागले. प्रत्येक कठड्याशी थांबायचे, हात बदलायचे, पुन्हा चढायचे. माझ्याकडे डब्यांची पिशवी होती. पुलावरून खाली दोन्ही गाड्या दिसत होत्या. एकीकडे आमची बुटकी, अरुंद गाडी वाफ सोडत उभी आणि दुसरीकडे मोठ्या लाइनचे रुंद, उंच डबे. दादा तिथं थोडा थांबला आणि आमच्या गाडीकडे बघत राहिला. मामा म्हणाले, "चल बाबा, जागा मिळायची नाही." जागा मिळालीच नाही. दाराजवळ ट्रंकेवर बसून नाशिक गेलं, इगतपुरी गेली, कसारा घाट उतरला. दादरला सकाळ झाली.

तो दिवस डोंबिवलीला आत्याकडे काढायचा, कारण आखाताची विमानं बहुतेक मध्यरात्रीनंतरची. संध्याकाळी उलटं दादरला, तिथून टॅक्सीनं सहार विमानतळ. काचेच्या दारापाशी आम्हाला थांबवलं आणि दादा आत गेला. घरातून निघाल्याला तोवर दीड दिवस होत आला होता. पुढचे 1,900 किलोमीटर त्यानं तीन तासांत कापले. आम्ही परतीच्या गाडीसाठी दादरला पोचलो तेव्हा तो दुबईत उतरलेला होता. आम्हाला घरी पोचायला अजून एक रात्र होती.

आखातात माणूस असलेल्या घरात त्या काळी दुहेरी घड्याळ चालायचं. दुबई आपल्या दीड तास मागं. आजीला अक्षरओळख नव्हती, पण दीड तास वजा करायला ती आठवड्याभरात शिकली. "इथं आठ वाजले म्हंजी त्याच्याकडं साडेसहा. उठला आसंल लेकरू." मुंबईहून पहाटे चारला निघालेलं विमान तिथल्या घड्याळात साडेपाचला, पावणेसहाला पोचतं. येताना मात्र रात्री दहाला निघालेलं विमान मुंबईत अडीचला उतरतं. आजीला वाटायचं की जाताना दीडच तास लागतो आणि येताना साडेचार. तिचं म्हणणं होतं, यायलाच जास्त वेळ लागतो, म्हणून तर पोरं येत नाहीत. दादानं पुढे पत्रातून समजावून सांगितलं की घड्याळाचा फरक सोडला तर उलट येताना वेळ थोडा कमीच लागतो, कारण आभाळात उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि विमानाला मागून ढकलतो. अण्णांनी ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. आजीला त्यातलं एवढंच आवडलं की वारासुद्धा घराकडं वाहतो.

पत्रं निळ्या एरोग्रामवर यायची. पातळ कागद, तिन्ही बाजूंनी चिकटवलेला, आणि उघडताना हमखास एखादी ओळ फाटायची. यायला दहा-पंधरा दिवस. दादानं "मला ताप आहे" लिहिलं की आमच्या हातात पडेपर्यंत तो बरा होऊन कामावर गेलेला असायचा, पण आईचा उपास त्या दिवसापासून सुरू व्हायचा.

पत्राहून मोठी गोष्ट म्हणजे कॅसेट. आमच्या पिढीतल्या पुष्कळ घरांत हे घडलंय, पण कुणी फारसं लिहून ठेवलेलं नाही, म्हणून जरा सावकाश सांगते. तिकडे टेपरेकॉर्डर स्वस्त. दादा साठ मिनिटांची कॅसेट घ्यायचा, सुट्टीच्या दिवशी खोलीत एकटा बसून बोलायचा आणि गावाकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायचा. हा कुणीतरी कधी जालन्याचा असायचा, कधी परभणीचा, कधी बीडचा. दुबईहून मुंबईला ती कॅसेट तीन तासांत यायची आणि मुंबईहून आमच्याकडे यायला तिला कधी आठवडा लागायचा, कधी महिना. जालन्याचा माणूस आधी आपल्या घरी जाणार, चार दिवस राहणार, मग औरंगाबादला काम निघेल तेव्हा आणून देणार. अण्णा एकदा अशी कॅसेट आणायला एसटीनं जाफराबादला जाऊन आले होते.

कॅसेट ऐकायची तर टेपरेकॉर्डर हवा. दादानं पहिल्या सुट्टीत टू-इन-वन आणेपर्यंत खालाजानच्या घरचा टेप असायचा. तो आमच्या ओसरीवर ठेवला जायचा, चटई अंथरली जायची, आणि दोन्ही घरं बसायची. आधी खरखर, मग एसीची घरघर, मग दादाचा आवाज. "आजी, ऐकू येतंय का?" आजी टेपकडे वाकून उत्तर द्यायची, "येतंय रे, बोल." टेप तिच्यासाठी थांबायचा नाही. दादा पुढचं बोलून गेलेला असायचा आणि आजीच्या उत्तराखाली त्याचं वाक्य बुडून जायचं. मग ती म्हणायची, "मागं घे, मागं घे, काय म्हनला ते ऱ्हायलं." मी बटण दाबून मागं घ्यायची. पुन्हा दादा विचारायचा, "आजी, ऐकू येतंय का?" आणि ती पुन्हा तेवढ्याच मनापासून म्हणायची, "येतंय रे."

दुसऱ्या बाजूला आम्ही बोलायचो. अण्णा उभे राहून बोलायचे, कार्यालयात साहेबांपुढे बोलावं तसे. पाऊस किती झाला, जायकवाडीत पाणी किती टक्के आहे, कुणाचं लग्न ठरलं. मी शाळेचे निकाल सांगायची. खालाजान दुवा द्यायच्या. आईची पाळी आली की ती टेपसमोर बसायची आणि तिला बोलताच यायचं नाही. टेप फिरत राहायचा. मागं स्टोव्हचा आवाज, गुलमंडीकडून येणारा सायकलरिक्षाचा भोंगा, कावळे, कुणाचं तरी दार. शेवटी आई म्हणायची, "बरा राहा," आणि उठून जायची. दादा परत आला तेव्हा म्हणाला की खोलीतले सगळे जण आईचा तो भाग मागं घेऊन घेऊन ऐकायचे. त्यात एक नांदेडचा होता, एक केरळचा, एक पाकिस्तानातल्या सियालकोटचा.

फोन असा नव्हताच. लग्नाच्या बायोडाटावर, दुकानाच्या पावतीवर तेव्हा नंबरापुढे "पी. पी." लिहायची पद्धत होती. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, माणूस बोलावून मिळेल. आमचा पी. पी. नंबर खालाजानच्या घरचा. दुबईत तेव्हा सुट्टी शुक्रवारची, म्हणून फोन शुक्रवारी. खालाजानच्या घरचे चाचा जुम्म्याच्या नमाजाहून परत आलेले असायचे आणि फोनजवळची खुर्ची आईसाठी रिकामी ठेवायचे. फोन आला की चाचा जिन्यातून हाक मारत, "भाभी, दुबई!" दादाचं नाव ते कधी घेत नसत. आमच्या वाड्यात दुबई हेच त्याचं नाव झालं होतं. पुढे एसटीडी-आयएसडीचे पिवळे बोर्ड गल्लोगल्ली लागले, काचेच्या खोक्यात लाल आकडे पळायला लागले, पण आई चाचांकडेच जायची.

1985च्या ऑक्टोबरात दुबईची एमिरेट्स ही विमान कंपनी सुरू झाली आणि कराची, मुंबई, दिल्ली ही तिची अगदी पहिली शहरं होती. म्हणजे दुबई-मुंबई अंतर आणखी सोपं झालं. आमचं मनमाड तसंच राहिलं. आणि गंमत नव्हे, खंत अशी की आमच्या डोक्यावरून विमान जात होतं. पुढे आम्ही सिडकोत राहायला गेलो, तिथून चिकलठाण्याचं विमानतळ जवळ. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत येणारं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग इथं उतरायचं आणि मुंबईला जायचं. गच्चीवरून चाकं दिसायची. पण ते विमान अजिंठा-वेरूळला येणाऱ्या प्रवाशांचं. जपानी, जर्मन, फ्रेंच माणसं त्यातून उतरत आणि जालना रोडवरून टॅक्सीनं हॉटेलात जात. मुंबईचा पाऊण तास आमच्या डोळ्यांसमोर रोज उडत होता. त्याचं तिकीट काढावं हे आमच्यासारख्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही, आलं असतं तरी पैसे नव्हते.

1990च्या ऑगस्टात इराकनं कुवेत घेतलं. खालाजानचा धाकटा मुलगा कुवेतमध्ये होता. त्या दिवसांत दोन्ही घरं रेडिओभोवती बसून असायची. तिथल्या भारतीयांना इराकमधून रस्त्यानं जॉर्डनला आणलं गेलं आणि अम्मानहून विमानानं मुंबईला. एअर इंडियानं 59 दिवसांत 488 उड्डाणं करून एक लाख अकरा हजारांहून अधिक माणसं आणली. अम्मान ते मुंबई 4,117 किलोमीटर. नागरी विमानांनी माणसं हलवण्याचा तो जागतिक विक्रम ठरला. खालाजानना त्या आकड्यांचं काही नव्हतं. त्या रोज बसस्थानकावर जाऊन रातराणीतून उतरणारी माणसं बघत. एका सकाळी तो उतरला, अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी कोट, हातात प्लास्टिकची पिशवी. वाळवंटातून अम्मान, अम्मानहून मुंबई, आणि तिथून पुन्हा तीच आमची एक रात्र. आईनं त्याला दारातच दृष्ट काढून आत घेतलं.

मग मोठी लाइन आली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मनमाड-औरंगाबाद ब्रॉडगेज झालं आणि मनमाडचा तो पूल चढणं संपलं. मुंबईची गाडी थेट औरंगाबादच्या फलाटावर उभी राहिलेली बघायला लोक मुलाबाळांना घेऊन स्टेशनवर जात. अण्णा निवृत्त झाले होते. ते मुद्दाम तिकीट काढून मुंबईला जाऊन आले, काहीही काम नसताना.

26 एप्रिल 1993. त्या दुपारचं या शहरातल्या कुणाला सांगावं लागत नाही. ऐन उन्हात चिकलठाण्याहून मुंबईकडे उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं. विमानात 118 माणसं होती, 55 गेली. सिडकोच्या गच्च्यांवरून आम्ही ज्याची चाकं बघायचो, त्या विमानाकडे त्यानंतर बरीच वर्षं कुणी सहज बघू शकलं नाही. तोवर दादाला मुंबई-औरंगाबाद विमानाचं तिकीट परवडायला लागलं होतं. आईनं त्याच्याकडून शब्द घेतला की दुबईहून मुंबईपर्यंतच विमान, पुढे रेल्वे नाहीतर ट्रॅव्हल्स. अरबी समुद्रावरून तो हवा तेवढा उडला तरी चालेल, पण चिकलठाण्याला नको. आई होती तोवर त्यानं हा शब्द पाळला.

चिकलठाण्याची नवी टर्मिनल इमारत 2009 साली खुली झाली. त्याच सुमाराला हजयात्रेसाठी इथून थेट जेद्दाची विमानं सुटू लागली. आधीच्या पिढीतले हाजी मुंबईहून बोटीनं जात. ती बोट 1995पर्यंत चालली. चाचांचे वडील तसेच गेले होते आणि त्यांना जायला-यायला महिने लागले होते. खालाजान मात्र शहागंजहून रिक्षानं विमानतळावर गेल्या आणि पाचेक तासांत जेद्दाला पोचल्या. अंतर सुमारे 3,750 किलोमीटर. त्या दिवशी विमानतळाबाहेर निरोप द्यायला आलेली माणसं, हार, रडणं, दुवा, यांनी जालना रोड भरून गेला होता. अण्णा काठी टेकत आले होते. त्यांनी मला दोनदा विचारलं, "इथूनच? मुंबईला न जाता?" इथूनच. पासपोर्टवरचा शिक्कासुद्धा चिकलठाण्यात बसला होता.

आज मुंबई एक रात्र राहिलेली नाही. 30 डिसेंबर 2023ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, ती आपल्या स्टेशनवरून सहा तासांच्या आसपास मुंबईला नेते. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून 2025मध्ये खुला झाला. दादाचा मुलगा सिंगापूरला असतो आणि त्याचं विमान कुठं पोचलं ते वहिनी मोबाइलवर बघत असतात. पण त्यालाही घरी यायचं तर मुंबईत उतरून, सामान घेऊन, पुन्हा वेगळ्या गाडीत बसावं लागतं. वाळूज, शेंद्रा, बिडकीनच्या कारखान्यांत परदेशातून येणाऱ्या माणसांचंही तेच. आखातातल्या मराठवाड्याच्या पोरांचंही तेच. हजची विमानं सोडली तर आपल्या विमानतळावरून परदेशात जाणारं नियमित विमान मी हे लिहितेय तोवर सुरू झालेलं नाही.

छत्रपती संभाजीनगर ते दुबई सरळ अंतर सुमारे 2,100 किलोमीटर आहे. इथून निघालेलं विमान साडेतीन तासांच्या आत तिथं उतरेल. हजच्या विमानांनी ही धावपट्टी, ही इमारत आणि इथली माणसं हे काम करू शकतात हे दाखवून दिलंय. उद्योजकांच्या संघटना थेट विमानाची मागणी करताहेत, ती एकट्या त्यांची नाही; चटणीचे डबे मेणानं बंद करणाऱ्या प्रत्येक घराची आहे. म्हणून लोकप्रतिनिधींना आणि विमान कंपन्यांना हात जोडून विनंती करते: चिकलठाण्याहून आखाताला थेट विमान सोडा. आठवड्यातून एकच सोडलंत तरी चालेल, पण सोडा.